समोरची खुर्ची

इराण्याच्या हॉटेलात एकट्यानं गेलं म्हणजे एकटं बसायला मिळेलच असं नाही. दुपारच्या पेंगुळल्या वेळी मिळेलही. पण सकाळी गर्दीच्या वेळेला धोबी तलावच्या कयानीत चौघांच्या टेबलाशी आपण एकट्याच बसलो असलो, तर उरलेल्या तीन खुर्च्या सगळ्या गावाच्या. येणारा माणूस खुर्चीच्या गोल पाठीवर हात ठेवून भुवया उंचावतो. आपण पसरलेला पेपर जरा आपल्याकडे ओढतो. झाली परवानगी. तो बसतो, वेटरकडं न बघताच ‘ब्रून मस्का, चाय’ म्हणतो, आणि दोन अनोळखी माणसं हातभर अंतरावर एकमेकांचं खाणं बघत बसतात. घरातल्या माणसांच्या तरी इतकं समोर आपण रोज कुठं बसतो?

अशा ठिकाणी गप्पा जमतात त्याचं श्रेय लोक मुंबईच्या मोकळ्या स्वभावाला देतात. मी ते जागेच्या टंचाईला देते. हाच मोकळा माणूस लोकलमध्ये मांडीला मांडी लावून बसतो आणि ठाण्यापर्यंत तोंड उघडत नाही. टेबलावर मात्र मध्ये साखर असते, सॉसची बाटली असते, पेपरचं आतलं पान असतं. ‘जरा ते इकडं सरकवता का’ एवढं तरी कुणालातरी म्हणावंच लागतं. पुढचं आपोआप होतं, किंवा होत नाही. न झालं तरी कुणी राग धरत नाही, कारण चहा संपला की दोघंही उठणार असतात.

रस्त्यांच्या कोपऱ्यावरचे गाळे इराण्यांच्या वाट्याला कसे आले, याची एक गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढं विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून, पुष्कळसे यझ्दच्या बाजूनं, जरथुष्ट्री लोक इकडं आले. कोपऱ्यावरचा गाळा हिंदू दुकानदार अपशकुनी मानायचे, म्हणून तो या नवख्यांना मिळाला म्हणे. अपशकुनाचा असा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल! कोपरा म्हणजे दोन रस्त्यांची माणसं, दोन दारं, दोन्ही बाजूंचा उजेड. कयानी 1904 चं, ग्रँट रोड स्टेशनजवळचं मेरवान 1914 चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 चं. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक 1935 चं. गिरणीतला पाळीवाला, कोर्टाचा कारकून, काम शोधत हिंडणारा नट, सगळे त्याच संगमरवरी टेबलांवर कोपर टेकून बसले.

आज यात काही विशेष वाटत नाही. पण ही हॉटेलं निघायच्या थोडीच वर्षं आधी पुण्यात नुसत्या चहावरून केवढा गहजब झाला होता. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता हातात घेतला. नंतर गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्तं झाली. दोन घोट चहा कुणाच्या हातचा आणि कुणाच्या समोर बसून, एवढाच मुद्दा. गोपाळरावांच्या खोडकरपणाचं मला नेहमी हसू येतं आणि हसू आलं की थोडी लाजही वाटते, कारण तो मुद्दा पुरता मेलेला नाही. गावाकडं चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी ठेवलेली पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

कयानीच्या जवळच पूर्वी बस्तानी हे इराण्याचं हॉटेल होतं. तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी एक इंग्रजी कविता केली. ती लोकांना आठवते ती त्यातल्या मनाईंसाठी: केस विंचरायचे नाहीत, केबिनमध्ये चाळे करायचे नाहीत. पण त्याच पाटीत कुठल्याही जातीच्या गिऱ्हाइकाचं स्वागत आहे, हेही येऊन जातं. बाकी सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं आहे, तेवढं नाही.

केबिनवरून आठवलं. बायकांसाठी इराण्याकडं ‘फॅमिली रूम’ असायची, पडदा किंवा अर्धी लाकडी भिंत लावलेली. माझी आई गिरगावात वाढली. पण समोरच्या इराण्याकडं ती पहिल्यांदा लग्नानंतर गेली आणि तेही पडद्याआड. बाहेरच्या टेबलांवरच्या गप्पा तिला नुसत्या ऐकू आल्या असणार. मी बाहेर बसते. भिंतीकडं पाठ, दाराकडं तोंड, पिशवी मांडीवर. अनोळखी माणसाशी बोलायची मुभा बाईला मिळते ती एवढ्या बंदोबस्तानिशी, हे पुरुष ललितलेखकांच्या लक्षात फारसं येत नाही.

अशीच बसले असताना समोरच्या वृद्ध गृहस्थांनी ब्रून चहात बुडवला. लोण्याचे पिवळे डोळे चहावर तरंगायला लागले आणि ते त्याकडं न बघता माझ्या पेपराकडं बघत होते. पेपर माझ्या बाजूनं सुलटा, म्हणजे त्यांच्या बाजूनं उलटा.

“ताई, मथळ्याखाली ‘परिक्षा’ छापलंय. री दीर्घ पाहिजे.”

मी पाहिलं. खरंच पहिली वेलांटी होती.

“काका, तुम्हाला उलटं कसं वाचता येतं?”

“सुलटं वाचायला चष्मा लागतो. उलट्याला नाही लागत.”

ते कंपोझिटर होते, गिरगावातल्या एका छापखान्यात. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आणि स्टिकमध्ये ओळ जुळवताना ती डोक्यावर उभी दिसते. तशीच वाचायची, तशीच तपासायची. मग चहाच्या चमच्यानं टेबलावर खण आखून त्यांनी मला खिळ्यांची केस दाखवली. इंग्रजीवाल्याला इतके थोडे खण पुरतात आणि आपल्याला जोडाक्षरांचे किती लागतात, हे सांगताना त्यांचा हात टेबलाच्या कडेबाहेर गेला. रफाराचा खिळा फार नाजूक, जरा धसमुसळेपणा केला की मोडलाच. जावजी दादाजींनी 1869 मध्ये काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा विषय निघाला तेव्हा ते एखाद्या गवयाबद्दल बोलावं तसे त्या अक्षरांबद्दल बोलले. तिथं नोकरी मात्र मिळाली नाही, म्हणाले, आणि उरलेला चहा बशीत ओतला.

बिलाच्या वेळी वेटर गल्ल्याकडं ओरडला, “टोपीवाला अलग, मॅडम अलग!”

त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. मीही नाही. आपल्याकडं ही सवलत दुर्मीळ आहे. दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला ‘गाव कुठलं’ येतं आणि चौथ्याला आडनाव. त्या दोन उत्तरांत समोरच्यानं आपल्याला कुठल्या खणात टाकायचं ते ठरवून टाकलेलं असतं. मग गप्पा चालतात खऱ्या, पण जरा जपून, तोलून. इराण्याचं टेबल त्या चौथ्या वाक्याआधी उठवतं. मागं रांगेत उभी असलेली माणसं आपल्या रिकाम्या कपाकडं बघत असतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता एक नवं कॅफे आलंय. कॉफी चांगली असते, उगाच नावं ठेवणार नाही. तिथं पैसे देतानाच नाव विचारतात, कपावर लिहितात, तयार झाली की मोठ्यानं पुकारतात. सगळ्या कॅफेला सगळ्यांची नावं कळतात आणि कानांत इअरफोन असल्यामुळं कुणी कुणाशी बोलत नाही. टेबलंही एकेकट्याची, भिंतीकडं तोंड केलेली, प्रत्येकाला स्वतंत्र प्लग.

म्हणून रविवारी मी माटुंग्याला जाते. कॅफे मद्रासबाहेर फुटपाथवर नावं लिहून घेतात, आणि आत चौघांचं टेबल चौघांनी भरतात, मग ते चौघं एकमेकांचे असोत नसोत. परवा मी, एक आई, तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ असे बसलो होतो. मुलगा त्यांच्याकडं टक लावून बघत होता.

“तुम्ही कोण?” त्यानं सरळ विचारलं.

“अरे, असं विचारतात का मोठ्यांना!” आई खेकसली.

गृहस्थांनी आतल्या बाजूला पाहिलं, ऑर्डर आली नव्हती.

“मी रवा डोसा,” ते म्हणाले. “तू?”

“नीर डोसा. आई रसम इडली.” मग माझ्याकडं बोट करून, “आणि ह्या?”

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिघंही माझ्याकडं बघत राहिले.