रात्रीचा हिवाळा

डिसेंबरातली दुपार. डोंबिवलीतल्या घरात पंखा फिरतो आहे, मानेवर घाम आहे, आणि दिवाणाच्या पोटातून स्वेटर काढायचे आहेत. डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो, लोकर बोटांना टोचते आणि सगळं अंग म्हणतं, कशाला हे ओझं? घामेजलेल्या अंगाला थंडी आठवत नाही. म्हणून माथेरानला किंवा दापोलीला जायची बॅग भरताना अंगाचं ऐकू नये, असं मला मनापासून वाटतं. ऐकावं ते रात्रीचं.

कर्कवृत्त महाराष्ट्राच्या वरून, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे आपला सगळा मुलूख उष्ण कटिबंधातला, आणि इथल्या थंडीची रीतही तिथलीच. सांताक्रूझला जानेवारीतलं दुपारचं सरासरी तापमान ३१ अंशांच्या आसपास असतं आणि मे महिन्यातलं ३३-३४. फरक दोन-तीन अंशांचा. रात्री मात्र मे महिन्यात २७ आणि जानेवारीत १७! आपल्याकडे हिवाळा येतो तो रात्रीचा, आणि उन्हं वर आली की निघून जातो. त्याच सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. दुपारच्या लोकलमध्ये घाम पुसत उभ्या असलेल्या कुणाला हे सांगून पाहा.

मे महिन्यात हवेत बाष्प दाटलेलं असतं, ते जमिनीची ऊब रात्रीही सहजासहजी निसटू देत नाही. पावसाळा सरून कोरडा वारा सुरू झाला, आभाळ निवळलं, की दिवसभर साठलेली ऊब अंधार पडताच वर निघून जाते. समुद्राशेजारी ती थोडी टिकते. आत जावं तशी सुटते. हा भूगोल पहाटेच्या लोकलमध्ये डोळ्यांना दिसतो. कर्जत-बदलापूरकडून आलेल्या बायका कल्याण-डोंबिवलीपर्यंत कानाला स्कार्फ घट्ट बांधून बसलेल्या असतात. ठाणं आलं की एकेकीचा स्वेटर उतरतो, घडी होऊन पिशवीत जातो. कुणी कुणाला सांगत नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

माथेरान तर ठाण्याचंच म्हणायला हवं. १८५० च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि त्यानंतर माथेरान थंड हवेचं ठिकाण म्हणून नावारूपाला आलं. उंची सुमारे ८०० मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते, तेव्हा नेरळच्या फलाटापेक्षा माथ्यावर चार-पाच अंश कमी धरायचे. १९०७ पासूनची छोटी गाडी मिळाली तर उत्तमच. नाहीतर दस्तुरी नाक्यावर मोटार सोडायची आणि लाल मातीतून पुढे चालायचं. इथं बॅगेची परीक्षा होते. चालताना घाम येतो, गंजी पाठीला चिकटते, आणि सूर्य कलला की तीच ओली गंजी अंगातली ऊब ओढून घेते. खरी हुडहुडी भरते ती त्या ओलीनं. तेव्हा स्वेटरच्याही आधी बॅगेत जायला हवी ती कोरडी गंजी आणि कोरडा सुती सदरा. एका जाड जॅकेटपेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ कपडे बरे. त्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते, आणि दुपारी ते एकेक करून उतरवताही येतात. मुलांना कानटोपी. म्हाताऱ्या माणसांना पायमोजे, ते नको नको म्हणाले तरी.

आणि शाल. शालीइतकं शहाणं वस्त्र मला दुसरं माहीत नाही. ती पांघरता येते, गुंडाळून उशाला घेता येते, शेजारी कुडकुडणाऱ्याच्या खांद्यावर अर्धी देता येते. डोंबिवली-ठाण्याच्या कपाटांत शालींना तोटा नाही. ही सभा-संमेलनांची गावं. नव्वदावं साहित्य संमेलन २०१७ साली डोंबिवलीतच झालं. शाल-श्रीफळातलं श्रीफळ आमटीत जातं आणि शाल घडी न मोडता वर्षानुवर्षं पडून राहते. ती घडी माथेरानच्या रात्री मोडावी. सन्मानाला त्यात काही उणेपणा येत नाही.

कोकणाच्या बाबतीत मात्र आपण सगळेच गाफील असतो. समुद्र म्हटला की उकाडा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं. मुरूड-कर्द्याच्या वाळूत दुपारी पाय पोळतात हे खरं, पण रात्री वारा उलटतो. खारे वारे थांबतात, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात, आणि अंगणात दोरीवर राहिलेला टॉवेल सकाळी दवानं जड झालेला असतो. दापोली गाव तर वर, सड्यावर. काही वर्षी तिथला पारा दहाच्याही खाली गेला आहे. तिथं आजीच्या जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी न्यावी. बॅगेत जागा होत नसेल तर दोन जीन्स कमी कराव्यात; त्या भिजल्या तर लवकर वाळतही नाहीत.

राहता राहिलं, कुठली वस्तू कुठे ठेवायची ते. कोकणात जाणारी रात्रीची गाडी ठाण्याला पकडताना उकडत असतं, म्हणून गरम कपडे हटकून तळाशी जातात. पनवेल मागे पडलं की खिडकीच्या फटीतून वारा यायला लागतो. दापोलीसाठी खेडला उतरायचं, तेही ऐन पहाटे, आणि पुढे एसटीची वाट पाहायची. शाल, मफलर, मुलांच्या टोप्या सगळ्यात वर, चेन उघडताच हाताला लागतील अशा ठेवा. अंधाऱ्या फलाटावर झोपाळलेलं पोर कडेवर घेऊन अख्खी बॅग उपसायची वेळ कुणावर येऊ नये.