बसलेली उंची

फोर्ड जीटी४० या नावातले चाळीस हे इंच आहेत. जमिनीपासून टपापर्यंत ही गाडी साधारण तेवढीच उंच, म्हणजे आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा जेमतेम वीतभर वर. फेरारी कंपनी विकत घ्यायचा बेत १९६३ मध्ये फिसकटला, तेव्हा इरेला पेटलेल्या फोर्डने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारायचीच म्हणून इंग्लंडमध्ये स्लाउ इथे ती बांधायला घेतली. १९६६ ते १९६९, सलग चार वर्षं तिथे याच घराण्यातल्या गाड्या पहिल्या आल्या. सरळ रस्त्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जायचं तर वाऱ्याला आडवं येणारं अंग कमीत कमी हवं, म्हणून टप खाली आला. त्या टपाखाली माणूस कसा मावणार, हा प्रश्न नंतरचा.

अस्सल जीटी४० आज सामान्यांच्या स्वप्नातही परवडत नाही. पण तिच्या प्रतिकृती किट म्हणून मिळतात. चॅसी येते, फायबरची बॉडी येते, दारं आणि काच येतात. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि सीट हा ज्याचा त्याचा संसार. कॉव्हेंट्रीत मोटार कंपनीत नोकरी करणाऱ्या एका कोल्हापूरकराने असं एक किट घेतलं आणि घरामागच्या गॅरेजमध्ये मांडलं. इंजिन बसलं, ब्रेक झाले, वायरिंगचं जंजाळही सुटलं. अडलं ते सीटपाशी.

त्याचं कारण त्याच्या अंगातच होतं. माणसाची उंची आपण भिंतीला उभं करून, डोक्यावर पट्टी ठेवून मोजतो. गाडीला त्या उंचीशी काही देणंघेणं नसतं. तिला हवी असते बसलेली उंची, बुडापासून टाळूपर्यंतची. सरासरी माणसात ती एकूण उंचीच्या ५२ टक्क्यांच्या आसपास भरते. आमचा कोल्हापूरकर उभा राहिला की पाच फूट आठ इंच, चारचौघांसारखा. पण पाय आखूड आणि धड लांब, त्यामुळे बसलेली उंची ९४ सेंटिमीटर. शाळेत पीटीच्या रांगेत तो मधे कुठेतरी असायचा; वर्गात मात्र मागच्यांना फळा दिसत नाही म्हणून बाईंनी त्याला कायम शेवटच्या बाकावर पाठवलेलं. लग्नाच्या पंगतीत मावशी म्हणायची, "बसलास की केवढा मोठा दिसतोस रे! आणि उठलास की होतं काय तुझं?"

वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या सीटचा प्रश्न अगदी उलटा होता. बसची सीट उंच, डोक्यावर हवी तेवढी जागा, समोर हा भला थोरला काचेचा पडदा. त्रास व्हायचा तो कमरेला. दबून गेलेल्या कुशनवर आठ तास काढायचे म्हणून ते टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पाठीच्या खळग्यात सरकवत. ड्युटी संपली की टॉवेल खांद्यावर टाकून डेपोतून बाहेर. सीट आपली नसते, ती रोज थोडी आपली करून घ्यावी लागते, हे मुलाने तिथे पाहिलं. त्यावर त्यांनी कधी भाष्य केलं नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला असताना तो फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये शिरला. विद्यार्थ्यांनी एका माणसाची छोटी रेसिंग कार स्वतः बांधायची, मग कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर नेऊन परीक्षकांपुढे उभी करायची. या स्पर्धेच्या नियमावलीत 'पर्सी' नावाचा एक सपाट गृहस्थ आहे. शंभरातले पंच्याण्णव पुरुष ज्याच्याहून लहान असतात, अशा देहाची ही आकृती: नितंबांच्या जागी २०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, खांद्यांच्या जागी तेवढंच दुसरं, हेल्मेटसकट डोक्यासाठी ३०० मिलिमीटरचं तिसरं. खालच्या दोन केंद्रांत ४९० मिलिमीटर अंतर, वरच्या दोहोंत २८०. टीमने पुठ्ठ्याचा पर्सी कापून गाडीत बसवायचा. गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून पुढचा आणि मागचा असे दोन पाइपचे हूप असतात. त्यांच्या माथ्यांना जोडणारी रेघ काढली, तर पर्सीचं हेल्मेट तिच्या किमान ५० मिलिमीटर खाली राहायला हवं. राहिलं नाही तर गाडी ट्रॅकवर जात नाही, इंजिन कितीही गुणी असो.

टीममधल्या सगळ्यांत लांब धड याचं. त्यामुळे पुठ्ठ्याच्या पर्सीनंतर जिवंत पर्सी म्हणून यालाच गाडीत कोंबायची पद्धत पडली आणि नावही तेच चिकटलं. सीटचा साचाही याच्याच पाठीवरून निघाला. कॉकपिटमध्ये जाड प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, तिच्यात पॉलियुरेथेन फोमची दोन द्रव्यं ढवळून ओतायची, तोंड चिकटपट्टीने बंद करायचं आणि वर माणूस बसवायचा. मिनिटाभरात पिशवी फुगू लागते, कमरेच्या, बरगड्यांच्या कडेने वर चढते आणि चांगलीच तापते. "पर्सी, हलू नकोस. श्वास घे, पण हलू नकोस!" असं चौघं ओरडत असताना हा स्टिअरिंग धरून, हेल्मेट घालून, पुतळ्यासारखा. फोम कडक झाला की पाठीचा हुबेहूब ठसा. त्यावर फायबर चढवलं की सीट तयार. या द्रव्यांची वाफ छातीला वाईट, म्हणून हातमोजे, मास्क आणि उघड्या खिडक्या हव्यातच. वर्कशॉपच्या मामांनी हे आधी बजावलं आणि मगच कुलूप काढलं.

इंग्लंडमध्ये किट कारची परंपरा जुनी, आणि ती करातून जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर तयार गाडीवर तिथे खरेदी कर जबर होता. सुट्या भागांनी घेऊन घरी जोडली तर तो चुकायचा. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली ती याच वाटेने. किटसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची, म्हणून चॅपमनने गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि त्या उलट्या क्रमाने वाचायला सुचवलं, असा किस्सा तिथे आजही चवीने सांगतात. सेव्हनला टपच नाही, त्यामुळे डोक्याचा प्रश्न आभाळावर सोडून देता येतो. खरी पंचाईत बंद टपाच्या बुटक्या गाड्यांची.

त्यावर आधीच्या लोकांनी काढलेले तोडगे पाहण्यासारखे आहेत. मार्कोस कंपनीचा जेम मार्श स्वतः चांगलाच उंच. त्याची १९६४ ची मार्कोस १८०० ही फक्त ४३ इंचांची. तिच्यात सीट हलतच नाही, ती बॉडीचाच भाग. ड्रायव्हर जवळजवळ आडवा होतो, आणि डॅशबोर्डवरची मूठ फिरवून पेडल मागेपुढे करता येतात. माणूस स्थिर, गाडी सरकते; फारच हुशार विचार. दुसरा तोडगा डॅन गर्नीचा. सव्वासहा फुटांच्या घरातला हा अमेरिकन १९६७ च्या ल मान्सला फोर्डच्या मार्क फोरमध्ये बसला, तेव्हा त्याचं हेल्मेट वर टेकू लागलं. मग टपाला त्याच्या डोक्यापुरता एक फुगवटा काढला. त्याने आणि ए. जे. फॉइटने ती शर्यत जिंकली आणि 'गर्नी बबल' हे नाव कायमचं झालं. आज प्रतिकृती घेणाऱ्यांना असा फुगवटा मुद्दाम मागवता येतो. कोल्हापूरकराला तो नको होता. गर्नीला तो शोभतो, कारण गर्नीने शर्यत जिंकली होती, असं त्याचं म्हणणं.

म्हणजे उरला तिसरा मार्ग: सीट जेवढी खाली नेता येईल तेवढी न्यायची.

त्याच्या गाडीत तळापासून टपाच्या आतल्या अंगापर्यंत ८५ सेंटिमीटरच्या आसपास जागा होती. धड ९४. ट्रॅकवर जायचं तर हेल्मेटचे आणखी चार-पाच. ताठ बसायचा प्रश्नच नव्हता; रेलायला हवं. कागदावर हिशेब सोपा आहे. ९४ सेंटिमीटरची काठी २० अंश मागे कलली तर ८८ उंच राहते, ३० अंशांवर ८१, ४० अंशांवर ७२. पण माणूस काठी नव्हे. पाठ कितीही रेलली तरी रस्ता बघायला मान सरळ करावीच लागते, त्यामुळे वाचलेल्या उंचीतली बरीचशी मान परत घेते. शिवाय फार रेललं की गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि ब्रेक दाबताना बूड पुढे घसरतं.

मग सीट बघणं सुरू झालं. आपल्याकडे लग्नाच्या साड्या बघतात तितक्या निगुतीने त्याने सीट बघितल्या, फक्त हातात टेप आणि लाकडाचे ठोकळे. मागेपुढे सरकणाऱ्या रुळांनीच उंचीतले दोन-तीन सेंटिमीटर खाल्ले असते, ते आधी बाद झाले. पाठ कलवायची कळ असलेल्या सीटचा सांगाडा जाड, त्याही बाद. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेल्या आधुनिक रेसिंग सीट सुरक्षित खऱ्या, पण जीटी४० चं दार टपात कापलेलं असतं. दार लावलं की त्याचा वरचा भाग डोक्यावर येतो आणि नेमका त्या पंखांवर आपटतो. रुंदीचंही तेच. दोन्ही कडांना पेट्रोलच्या टाक्या पोटात घेतलेल्या रुंद पेट्या, त्यामुळे मधे जे उरतं त्यात फक्त सडसडीत सीट मावते. त्यातून उजव्या स्टिअरिंगच्या मूळ जीटी४० सारखा याचाही गिअरचा दांडा उजव्या हाताला, दाराच्या बाजूने. सीटची कड उंच असेल तर दुसरा गिअर टाकताना कोपर तिच्यावर घासतं.

शेवटी पसंत पडलं ते फायबरचं एकसंध पातळ कवच, गादी नसलेलं. त्यात ठरावीक जागी कडक फोमचे तुकडे चिकटवायचे. जाड मऊ गादी शोरूममध्ये छान वाटते, पण जोरदार धडकेत ती आधी दबते, तेवढ्यात पट्टे सैल पडतात आणि अंगाला पुढे जायला वाव मिळतो. कडक पातळ फोमवर माणूस जागचा हलत नाही.

सीट बसवणं म्हणजे चार भोकं पाडून बोल्ट आवळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आंतरराष्ट्रीय मोटारस्पोर्ट महासंघाचे नियम वाचावेत. प्रत्येक सीटला किमान चार जागी पकड, बोल्ट किमान ८ मिलिमीटरचे, आधाराची पट्टी पोलादी असेल तर ३ मिलिमीटर जाड, हलक्या मिश्रधातूची असेल तर ५, आणि प्रत्येक ठिकाणी किमान ४० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग टेकलेला. कारण तळाचा पत्रा पातळ असतो. नुसता वायसर लावला तर अपघातात बोल्ट शाबूत राहतो आणि पत्र्यातून आरपार उपटून येतो. याने तळाखालून पोलादी पट्ट्या लावल्या आणि जोर चॅसीच्या पाइपांवर घेतला. खांद्यांवरचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांहून जास्त खाली उतरता कामा नयेत. दहाच्या आत असतील तर उत्तम. फार खाली उतरले तर धडकेत ते खांदे खाली ओढतात आणि सगळा भार मणक्यावर येतो. सीट खाली गेली, रेलली की हे कोनही बदलतात. म्हणून पट्ट्यांचा आडवा पाइप त्याने सीट पक्की झाल्यावर, शेवटी लावला.

आणि मग लक्षात आलं की पाय पोचत नाहीत. टपाला लांब पडणारा हा माणूस पेडलला आखूड पडत होता! मार्शचं स्मरण करून त्याने पेडलची पेटीच पुढे-मागे तीन ठिकाणी बोल्ट करता येईल अशी बसवली.

त्या उन्हाळ्यात आई-वडील कॉव्हेंट्रीला आले. आईने दारातून वाकून पाहिलं आणि विचारलं, "यात बसायचं की झोपायचं?" वडील मात्र बसले. आधी पेटीवर बूड टेकून, मग पाय आत, मग हळूच घसरत. समोर पाहिलं, आरशात पाहिलं, मागे इंजिनच इंजिन. "मागनं ट्रक आला तर कळायचं कसं रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो वाजवी होता. मग बराच वेळ ते नुसते बसून राहिले. उठताना मुलाने हात दिला, तर म्हणाले, "कमरेपाशी पोकळ लागतंय. तिथं अजून एक तुकडा घाल." त्याने घातला. १२ मिलिमीटरचा.

सरकारी तपासणीत सीट, तिचे बोल्ट, पट्टे आणि आतल्या सगळ्या धारदार कडा बारकाईने पाहिल्या जातात. ते पार पडलं. राहिली होती ती खोळ. मूळ जीटी४० च्या सीटवर कापडात ओळीने धातूच्या गोल रिंगा ठोकलेल्या असत, त्यांतून पाठीला वारा लागावा म्हणून. तशी हुबेहूब खोळ इंग्लंडमध्ये महाग. त्याने कागदी बेतणी काढून वडिलांबरोबर कोल्हापूरला पाठवली. सीट कव्हरवाल्याने व्हिडिओ कॉलवर कागद उलटापालटा केला.

"साहेब, एवढी भोकं? ताडपत्रीला मारतो तसल्या रिंगा?"

"तसल्याच, पण बारीक. आणि आतून स्पंज नको."

"स्पंजाशिवाय गिऱ्हाईक शिव्या घालंल मला."

"गिऱ्हाईक मीच आहे हो."

खोळ आली, सुरेख बसली. पण कापड आणि अस्तर मिळून सहा मिलिमीटर वाढले, आणि हेल्मेट दाराला निसटतं लागू लागलं. मग बुडाखालचा फोम काढून त्याहून पातळ घातला. कमरेचा तुकडा तसाच ठेवला. डाव्या सीटचं अजून ठरत नाही. बायको पाच फूट एक इंच, तिला टप लागतच नाही. तिला समोरचा डॅशबोर्ड तेवढा दिसतो. तिची सीट चार इंच वर हवी, असा तिचा आग्रह आहे, आणि कोल्हापूरहून विचारणा आली आहे की दुसऱ्या खोळीत तरी स्पंज घालू का.