शिरूरची वेलांटी

'शिरूर' आणि 'दौंड' ही दोन नावं नकाशावर नीट उमटवायला माझा अख्खा शनिवार गेला. हसू नका!

दौंडची माझी मावशी शाळेत शिकवते. घोड आणि भीमेचा नकाशा तिने धड्यात पीएनजी म्हणून टाकला होता. पीएनजी म्हणजे मोजके ठिपके; मोबाइलवर मोठा केला की तेच फुगतात. अनुस्वार मात्रांत विरघळला आणि पोरं 'दौड' वाचू लागली.

मग इंकस्केपमधली मूळ एसव्हीजीच ई-लर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. एसव्हीजीत (२००१ पासूनचं डब्ल्यू३सीचं प्रमाण) रेषेचं गणित असतं, त्यामुळे ती कितीही मोठी करा, धारदारच. नद्या झकास आल्या. पण शिरूरची पहिली वेलांटी 'श'च्या पुढे जाऊन बसली! देवनागरीची जुळणी न जमणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा नेहमीचा चाळा.

उपाय: नावं निवडून पाथ मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ'. अक्षरांच्या आकृत्या होतात, फाँटची गरजच उरत नाही. फक्त स्क्रीन रीडरला त्या वाचता येत नाहीत, म्हणून गावांची आणि नद्यांची नावं चित्राच्या पर्यायी मजकुरात टाइप केली. आणि हो, हे सगळं फाइलच्या प्रतीवर करा. पाथ झालेल्या नावात नंतर काना-मात्राही बदलता येत नाही.