माणसाला व्हिसा, कुटुंबाला रांग

अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढते. स्थलांतराच्या कायद्यात काम करणारे आम्ही लोक ते पंचांगासारखे वाचतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत सध्या कोणत्या तारखेचे अर्ज निकाली निघत आहेत, ते त्यात कळते. कोष्टकात बहुतेक जगाला मिळून एकच रकाना असतो. चीन, भारत, मेक्सिको आणि फिलिपिन्स यांना मात्र स्वतंत्र, कारण तिथली मागणी फार मोठी. पुण्या-नागपूरहून गेलेल्या इंजिनिअरांच्या घरी भारताचा रकाना तोंडपाठ असतो. माझा अभ्यास फिलिपिन्सच्या रकान्याचा. तो वाचताना माझे एक मत पक्के झाले आहे: परदेशाची वाट निवडताना ‘लवकर कुठे जाता येईल’ हा प्रश्न नंतरचा. ‘माझी मुले माझ्याजवळ कधी राहतील’ हा पहिला.

समजा, मनिलातल्या एका माणसाची बहीण अमेरिकन नागरिक आहे आणि तिने भावासाठी अर्ज केला. भावंडांच्या वर्गाला साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. म्हणून या वर्गात फिलिपिन्सची तारीख साधारण वीस वर्षे मागची असते. अर्ज भरताना शाळेत जाणारा मुलगा नंबर लागेपर्यंत तिशीकडे झुकतो. वय २१ च्या पुढे गेले की त्याला बापाच्या अर्जावर जाता येत नाही. अर्ज मंजूर व्हायला लागलेला काळ वयातून वजा करण्याची सवलत आहे. एवढ्या लांब रांगेत ती बहुधा पुरत नाही. आणखी एक नियम याहून कठोर आहे. ग्रीन कार्डधारक आईने सज्ञान मुलीसाठी केलेला अर्ज मुलीने लग्न केले की रद्द होतो. म्हणून कुणी लग्न वर्षानुवर्षे लांबवते, कुणी लपवते आणि पुढे त्यापायी कायमचे अडकते. अशी प्रकरणे आमच्या कामात नित्याची आहेत.

ही रांग आजची नाही. १९३४ मध्ये, फिलिपिन्स अमेरिकेच्याच ताब्यात असताना, अमेरिकेने तिथल्या लोकांवर वर्षाला ५० जणांची मर्यादा घातली. १९४६ च्या कायद्याने ती १०० केली, आणि त्याच कायद्याने भारतीयांनाही १०० जागा दिल्या. म्हणजे या दोन देशांची गाठ जुनीच आहे.

अमेरिकेत कुटुंबासह जाण्याची तुलनेने जवळची वाट नर्सची. अमेरिकी अमदानीत फिलिपिन्समध्ये इंग्रजीतून नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले, त्याचा हा वारसा. एनसीएलईएक्स ही अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा मनिलातच देता येते. ती उत्तीर्ण झालेल्या नर्ससाठी अमेरिकेतले रुग्णालय अर्ज करते, आणि तिच्याबरोबर नवऱ्याला व २१ वर्षांखालील मुलांनाही ग्रीन कार्ड मिळते. मात्र त्यासाठी आधी पदवी हवी, म्हणजे तिचा खर्च परवडणारे घर हवे.

ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्यासाठी हाँगकाँगची घरकामाची नोकरी असते. करार दोन वर्षांचा, मालकाच्या घरीच राहणे सक्तीचे, कुटुंब आणायला मनाई. करार मुदतीआधी मोडला तर दोन आठवड्यांत शहर सोडायचे. त्यामुळे छळ होत असला तरी बाई तोंड उघडताना दहा वेळा विचार करते. इतर परदेशी माणूस सात वर्षे सलग राहिला की कायमच्या वास्तव्याचा हक्क मागू शकतो. १९८६ पासून तिथे काम करणाऱ्या इव्हांजेलिन व्हायेहोस यांनी हाच हक्क मागितला. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. घरकामगाराचे राहणे हे कायद्याच्या अर्थाने ‘नेहमीचे वास्तव्य’ नव्हे, असा निकाल लागला. दुसऱ्याची मुले वाढवण्यात गेलेली वर्षे त्या शहराने हिशेबातच धरली नाहीत.

या दोन टोकांच्या मधल्याही वाटा आहेत. कॅनडाने १९९२ पासून २०१४ पर्यंत मालकाघरी राहून दोन वर्षे काम करणाऱ्या बाईला कायमचे वास्तव्य मागण्याची सोय दिली होती. हजारो फिलिपिनो घरे त्यामुळे तिथे वसली, पण आई आणि मुले पुन्हा एकत्र येईपर्यंत मधली बरीच वर्षे निघून गेलेली असत. जपानने २०१९ मध्ये विशिष्ट कौशल्याचा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्याला त्यावर पाच वर्षे राहता येते, एकट्यानेच. मात्र जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाली, की व्हिसाचा प्रकार बदलतो आणि कुटुंब येऊ शकते. म्हणून जपानला निघालेल्यांना मी सांगते, पहिल्या पगारापासून भाषेच्या शिकवणीचे पैसे बाजूला काढा. मुलांची वाट त्या परीक्षेतूनच जाते.

फिलिपिन्स सरकार या बाबतीत बहुतेक देशांहून जागरूक आहे. १९९५ मध्ये फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या घरकामगार बाईला सिंगापुरात फाशी झाली, देश हादरला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. आज त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते आहे. करार तपासून दिलेल्या सरकारी दाखल्याशिवाय कामगाराला विमानतळावरून पुढे सोडत नाहीत. एजंटाला एका महिन्याच्या पगाराहून जास्त घेता येत नाही. घरकामगार आणि खलाशी यांच्याकडून तर काहीच नाही. पण ही सारी व्यवस्था करारावरच्या माणसाची. घरी पाठवलेल्या पैशांचा वाटा देशाच्या उत्पन्नात सुमारे ८ टक्के असताना, मागे राहिलेल्या मुलांसाठी यजमान देशांशी भांडणे तिला जड जाते.

ते भांडण मात्र व्हायलाच हवे. ज्या देशाला आपली मुले आणि म्हातारी माणसे सांभाळायला बाहेरून बाई लागते, त्याने तिच्या मुलांसाठी दार ठरावीक मुदतीत उघडले पाहिजे, आणि ती मुदत पहिल्याच करारात लिहिली पाहिजे. तोवर निघणाऱ्याने एजंटासमोर बसल्यावर पगाराच्या आधी मुलांचे विचारावे. त्याला नेमके उत्तर देता आले नाही, तर सही करू नये.