वेढ्यांचं माप

पुण्याच्या पेठांत अडुळसा कुणी मुद्दाम लावत नसे. वाड्याच्या मागच्या अंगणात, न्हाणीच्या सांडपाण्यावर तो आपोआप माजायचा. शेजारी गवती चहाचं बेट, डालड्याच्या डब्यात पानओवा, भिंतीला टेकलेली कोरफड. झाड एका बिऱ्हाडाचं, खोकला मात्र साऱ्या वाड्याचा. ‘काकू, चार पानं हवी होती,’ म्हणत कुणी आलं, की आधी चौकशी व्हायची. कोरडा आहे की कफाचा? ताप आहे का? मग पानं मिळायची, आणि वर बजावणं: वाफवून रस काढ, मधातून दे, लेकराला अर्धाच चमचा. पुढे अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध घडलं. तरी मला पानांपेक्षा ती चौकशी मोलाची वाटते.

बाळगुटीचं तर सगळं शास्त्र सहाणेवर. वेखंड, हळकुंड, सुंठ, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ एकेक करून उगाळायचं आणि वेढे मोजायचे. पोट बिघडलं की मुरडशेंगेचे वेढे वाढत, शी घट्ट झाली की बाळहिरड्याचे. जायफळाचा जेमतेम एक, नाहीतर बाळ सुस्तावतं. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका सांगतात, ते ऐकावंच. पण मनगटातलं ते माप कुठल्या पुस्तकात उतरलेलं नाही.

वाडे पडले, अंगणांवर फरशा आल्या. १८८६ साली उभ्या राहिलेल्या मंडईच्या आसपास अजून टोपल्यांतून अडुळसा, गुळवेल, गणपतीत आघाडा, माका अशी पत्री मिळते. विकणारीला पान ओळखता येतं. घेणाऱ्याला बहुधा नाही.

करोनात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला, कित्येकांकडे महिनोन् महिने. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने विचारलं, ती वेल गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असते. मला दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तीच उणीव दिसते: वेल ओळखणारं आणि ‘आता पुरे’ म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही.

सोसायट्यांच्या गच्च्यांवर पुन्हा कुंड्या दिसू लागल्यात, याचा मला मनापासून आनंद आहे. नावांच्या पाट्याही लागतात. कोरफडीच्या कुंडीवर ‘गरोदर बाईने पोटात घेऊ नये’ एवढं लिहायला खडूसुद्धा पुरेल.