खणांवरच्या चिठ्ठ्या

(द्वितीय वर्ष, कला)

माझा पहिला प्रोग्रॅम चुकला तो साध्या बेरजेत. ऐच्छिक विषय म्हणून मी पायथन ही संगणकाची भाषा घेतली होती. कला शाखेच्या मुलाने हे धाडस का करावे, असे मित्रांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यामुळे कुठला विषय आपला आणि कुठला परका, हे सांगणारेही कुणी नव्हते.

मी दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. दोन वस्तूंच्या किमती विचारायच्या आणि बेरीज सांगायची. एल्बो ४५ रुपये, टी ३० रुपये. संगणकाने बेरीज सांगितली, ४५३०! सारा वर्ग हसला.

सर माझ्या जागेपाशी आले. त्यांनी ‘इनपुट’ या शब्दावर बाण नेऊन ठेवला, तशी पडद्यावर एक लहानशी चौकट उमटली. तिच्यात एकच ओळ होती. “वाच,” सर म्हणाले, “हे फंक्शन काय परत देते?” तिथे लिहिले होते की ते मजकूर परत देते, संख्या नव्हे. म्हणजे मी टाइप केलेले ४५ हे पंचेचाळीस नव्हतेच. चार आणि पाच अशी शेजारी ठेवलेली दोन चिन्हे होती. चिन्हांपुढे चिन्हे जोडली, झाले ४५३०.

चूक सुधारली, पण ती चौकटीतली ओळ माझ्या डोक्यातून जाईना. मी सरांना विचारले, “ही ओळ कुणी लिहिली?” सर म्हणाले, “मूळ लायब्ररीत ती नाही. ती मागाहून, वेगळ्या फायलीत, भलत्याच माणसांनी लिहून ठेवली आहे.”

हे ऐकले मात्र, आणि मला अण्णांच्या दुकानातले खण आठवले.

‘अण्णांचे दुकान’ असे आम्ही घरात म्हणतो, पण अण्णा तिथे नोकर आहेत. तालुक्याच्या गावातले हार्डवेअरचे दुकान. तीन भिंतींना जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडी खण. नट, बोल्ट, वायसर, निपल, सॉकेट, रिड्यूसर, सगळे त्या खणांत. एकाही खणावर अक्षर नाही. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण शेतकऱ्याने “चार सुती बोल्ट, तीन इंच लांब” म्हणायचा अवकाश, अण्णांचा हात त्या खणाकडे गेलेलाच असे. बावीस वर्षांत त्यांना चिठ्ठीची गरज पडली नाही.

माझी बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात अण्णा शिडीवरून पडले आणि पाय मोडला. दोन महिने खाटेवर. त्यांच्या जागी शेठनी मला उभे केले. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला पाऊण इंची एल्बो देण्यासाठी मी सत्तावीस खण उघडले. संध्याकाळी बाजारातून पांढरा कागद, मार्कर आणि चिकटपट्टी आणली, आणि रोज दुकान बंद झाल्यावर एकेक खण उघडून त्यावर चिठ्ठी लावू लागलो.

पायथनचे नेमके असेच आहे. गिडो व्हान रॉसम यांनी नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, ही भाषा करायला घेतली आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. काही भाषांत प्रत्येक नावापुढे आधीच लिहावे लागते की यात पूर्णांकच राहील, यात मजकूरच राहील. पायथनमध्ये तशी सक्ती नाही. एका नावात सकाळी संख्या ठेवा, दुपारी मजकूर ठेवा, भाषा हरकत घेत नाही. न जुळणाऱ्या गोष्टी प्रत्यक्ष जोडायला गेलात तरच ती अडते. भाषेबरोबर येणारी स्टँडर्ड लायब्ररीही फार मोठी. खेळण्याबरोबर त्याचे सेलही मिळावेत, तशी ही भाषा सगळ्या सामानानिशी येते, असे तिचे लोक कौतुकाने म्हणतात. पण खण उघडे आणि चिठ्ठी नाही. जुन्या माणसांना ठाऊक होते. नवा माणूस माहितीपुस्तक वाचून किंवा ठेच खाऊन शिके.

चिठ्ठी लावण्यापुरती जागा २००८ च्या डिसेंबरात आली. तिसऱ्या आवृत्तीत फंक्शनच्या नावाशेजारी काहीही लिहून ठेवायची सोय झाली, पण त्या लिहिण्याला ठरलेला अर्थ नव्हता. पुढे युक्का लेहतोसालो हा केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी. करणारा संशोधक अशी चिन्हे तपासणारे ‘मायपाय’ नावाचे साधन घेऊन २०१३ साली अमेरिकेत सांता क्लारा येथे भरलेल्या पायथनच्या परिषदेत गेला. त्याने त्यासाठी स्वतःची वेगळी लिपीच रचली होती. व्हान रॉसम यांनी त्याचे मन वळवले की वेगळी लिपी नको, पायथनच्याच लिहिण्यात हे बसवावे. दोघांनी आणि लुकाश लांगा यांनी मिळून २०१४ साली रीतसर प्रस्ताव मांडला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीत ती सोय भाषेत दाखल झाली.

पण नियम झाला म्हणून खणांवर चिठ्ठ्या आपोआप लागत नाहीत. लायब्ररीतली असंख्य फंक्शने तशीच होती. मग ‘टाइपशेड’ नावाचा एक सामाईक संग्रह उभा राहिला. त्यातल्या फायलींत लायब्ररीतल्या फंक्शनांची फक्त नावे आहेत. आत काय घ्यायचे आणि बाहेर काय येईल एवढे लिहिलेले, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी नुसती तीन टिंबे. म्हणजे बोल्ट जागच्या जागी, चिठ्ठी बाहेरून. मला माझी चूक दाखवणारी ओळ तिथूनच आली होती.

मला वाटत होते, चिठ्ठी लिहिणे हे कारकुनी काम. दुकानातच तो गैरसमज फिटला. एका खणात अर्धा इंची आणि पाऊण इंची निपल एकत्र होते. काय लिहू? ‘अर्धा किंवा पाऊण’ असे लिहिले. पायथनमधल्या ‘सम’ या बेरीज करणाऱ्या फंक्शनवरची चिठ्ठी वाचली तेव्हा मी हसलोच. तिथे लिहिले आहे : यादीत ज्या प्रकारच्या वस्तू असतील त्या प्रकारचे उत्तर, किंवा शून्य. शून्य कशाला? तर यादी रिकामी असेल तर बेरीज शून्य येते म्हणून! हे वर्षानुवर्षे तसेच घडत होते. चिठ्ठी लिहायला बसल्यावर ते शब्दांत सांगणे भाग पडले.

दुसऱ्या एका खणात अण्णा सगळे सटरफटर टाकत. त्यावर मी ‘काहीही’ असे लिहिले. टाइपशेडमध्येही तोच शब्द आहे आणि तो काही ठिकाणी मुद्दाम वापरलेला आहे. पूर्णांकाचा घात काढला तर घातांक धन असताना पूर्णांक मिळतो. पण दोनाचा उणे एक घात काढा, अर्धा मिळेल. ‘पूर्णांक किंवा अपूर्णांक’ असे लिहावे, तर रोज साधा वर्ग काढणाऱ्यालाही तपासनीस उगाच अडवील. म्हणून तिथे ‘काहीही’. खरे लिहिले तर सगळ्यांना त्रास, सोपे लिहिले तर खोटे. अशा वेळी ‘काहीही’ म्हणून गप्प बसणे हाही एक प्रामाणिकपणाच असावा.

आणि चुकीची चिठ्ठी! एका खणावर मी घाईत ‘अर्धा’ लिहिले, आत पाऊण इंची सॉकेट होते. चिठ्ठी नसती तर मी वस्तू हातात घेऊन पाहिली असती. चिठ्ठी होती म्हणून न पाहताच बांधून दिली. तो शेतकरी लांबच्या वाडीवरून दुसऱ्या दिवशी परत आला. त्याचे पाणी एक दिवस अडले होते. टाइपशेडच्या लोकांनी यासाठी एक वेगळे साधन ठेवले आहे. ते चिठ्ठ्या आणि खरी लायब्ररी शेजारी शेजारी धरून पडताळून पाहते. ते साधन माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे अण्णा होते, खाटेवर, फोनच्या दुसऱ्या टोकाला.

दोन महिन्यांनी अण्णा काठी टेकत दुकानात आले. तिन्ही भिंतींवरून त्यांनी सावकाश नजर फिरवली. मला वाटले, शाबासकी मिळणार. ते म्हणाले, “अक्षर चांगलं आहे तुझं. आता मला कोण विचारतंय?”

मी तेव्हा ते हसण्यावारी नेले. सहा महिन्यांत शेठनी गल्ल्यापुढे एक नवा मुलगा ठेवला. त्याला वाचता येत होते, तेवढे पुरेसे होते. अण्णांना त्यांनी मागच्या गोदामात पाइप मोजायला पाठवले. पगार तोच राहिला, पण गिऱ्हाइकाने “अण्णा आहेत का?” म्हणून विचारणे थांबले. घरी त्याबद्दल कुणी बोलले नाही. मी मात्र पुस्तक उघडून बसलो की ती तीन भिंतींची पांढरी अक्षरे डोळ्यांपुढे येत.

म्हणून पायथनचा तो २०१४ चा प्रस्ताव समजावून घेताना एका जागी मी थबकलो. कर्त्यांनी त्यात निक्षून सांगितले आहे की ही चिन्हे कधीही सक्तीची करण्याची त्यांची इच्छा नाही, भाषा आहे तशीच मोकळी राहील. प्रोग्रॅम चालताना पायथन या चिठ्ठ्या तपासतही नाही. तपासायचे काम वेगळ्या साधनाचे. म्हणजे भीती तिथेही वाटत असणार : चिठ्ठ्या आल्या की मोकळेपणा जाणार. त्यांनी ती भीती ओळखली आणि तिला लेखी उत्तर दिले. मी अण्णांना कसलेच उत्तर दिले नव्हते, विचारलेसुद्धा नव्हते. आणि एक फरक मला बोचतो. टाइपशेडमध्ये लिहिणाऱ्यांचे पोट खणांच्या अबोलपणावर चालत नव्हते. अण्णांचे चालत होते.

मग चिठ्ठ्या लावणे चूक होते का? तसेही मला म्हणवत नाही. कॉलेजात आलो तेव्हा इथलाही एकेक खण माझ्यासाठी चिठ्ठीविना होता. बोनाफाईड कुठे मिळते, कुठल्या अर्जाला काय जोडायचे, ‘ट्यूटोरियल’ म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आधी कुणी शिकले त्यांना ठाऊक होते. मी खिडकीखिडकीला सत्तावीस खण उघडत फिरलो. जाणत्यांना चिठ्ठी नको असते. ती लागते मागून येणाऱ्याला. मी त्या मागून येणाऱ्यांतला आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी अण्णांना माझ्या फोनवर दोन फंक्शने दाखवली. एक ‘अपर’, एक ‘लोअर’. एक इंग्रजी अक्षरे मोठी करते, दुसरे लहान. दोन्हींवरची चिठ्ठी मात्र एकच : मजकूर घ्या, मजकूर मिळेल. अण्णांनी ते नीट ऐकून घेतले. जरा वेळाने म्हणाले, “उलट्या आट्याचं असंच.”

मला कळले नाही. ते उठले, कोपऱ्यातली सायकल भिंतीपासून ओढली आणि तिच्या डाव्या पायडलवर हात ठेवला. “ह्याचा आटा उलटा असतो. नाहीतर पायडल मारता मारता सुटून येईल. दोन बोल्ट घे, एक सरळ आट्याचा, एक उलट्या. जाडी तीच, लांबी तीच. तू दोन्हींवर एकच चिठ्ठी लावलीस. तो पोरगा परवा उलटा बोल्ट सरळ म्हणून देत होता. बरं झालं मी तिथं होतो.”

मग ते बोलतच राहिले. कुठल्या मोटारीला कुठला वायसर लवकर झिजतो, कुठल्या विहिरीचे पाणी कुठले निपल खाते, कुठल्या गिऱ्हाइकाने अर्धा मागितला तरी त्याला पाऊणच लागतो. खणात काय आहे ते मी लिहिले होते. कुठला खण केव्हा उघडायचा, ते माझ्या एकाही चिठ्ठीवर नव्हते.

मी वही आणली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. रात्री उशिरा आईने दिवा बंद करायला सांगितला तेव्हा चौदा पाने झाली होती. वही मिटताना मी विचारले, “अण्णा, ही दुकानात ठेवू?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सध्या राहू दे तुझ्याजवळ. सांगेन मी.”

वही माझ्याजवळ आहे. त्यांनी अजून सांगितलेले नाही, आणि या वेळी मी आपणहून काही चिकटवणार नाही.