शत्रूने नोंदविलेली शपथ

हैतीच्या जन्मकथेचा आरंभ एका रानात होतो. सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीच्या उत्तर भागात, बोआ काईमान येथे ऑगस्ट १७९१मध्ये गुलामांनी काळ्या डुकराचा बळी देऊन बंडाची शपथ घेतली, २२ ऑगस्टच्या रात्री उठाव झाला आणि १८०४ साली स्वतंत्र हैती जन्माला आला, असे ही कथा सांगते. अडचण आहे ती साक्षीदाराची. पहिले वर्णन आंत्वान दाल्मा या वसाहतीतील फ्रेंच डॉक्टरचे. ते १८१४ साली छापले गेले. गुलामांचा रानटीपणा दाखविणे हा त्याचा उघड हेतू. स्वातंत्र्याची हाक देणारे जे भाषण पुढे बुकमनच्या नावावर रूढ झाले, ते त्यात नाहीच. ते येते १८२४ साली, एरार द्युमेल या हैतीच्याच लेखकाच्या ग्रंथात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस लेऑं-फ्रांस्वा हॉफमन यांनी हा सारा प्रसंगच दाल्माची कल्पित निर्मिती ठरविला, तेव्हा वाद पेटणे साहजिक होते. डेव्हिड गेगस यांनी मात्र दोन प्रसंग वेगळे केले : १४ ऑगस्टची, प्रामुख्याने मळ्यांवरच्या मुकादमांची बैठक आणि त्यानंतरचा रानातला विधी. हा भेद मोलाचा आहे. बेत बैठकीतच ठरला असेल, तर विधीची गरज काय होती?

वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी एकत्र जमणे हाच १६८५च्या कायद्याने गुन्हा होता. त्यात बहुसंख्य गुलाम आफ्रिकेत जन्मलेले, नाना भाषांचे. शिवाय चाबूक ज्याच्या हाती, त्या मुकादमाच्या शब्दावर मजुराने विसंबावे तरी का? फोन, कोंगो अशा भिन्न समाजांची दैवते एकत्र नांदविणारा व्हूडू या अविश्वासावर तोड होता.

बंडातूनच वर आलेल्या तुसाँ लूव्हर्त्यूर यांनी १८०० साली व्हूडूवर बंदी घातली. ही साक्ष ना मळेवाल्याची, ना राष्ट्रकवीची. म्हणूनच अधिक बोलकी. त्या शक्तीची ओळख राज्यकर्ता झालेल्या बंडखोराइतकी आणखी कोणाला असणार? हैतीत या धर्माला शासकीय मान्यता मिळायला २००३ साल उजाडले.

दाल्माच्या मजकुरातील एका तपशिलापाशी मात्र पुनःपुन्हा थबकावे लागते. बळीच्या डुकराचे केस मिळविण्यासाठी गुलाम धडपडत होते. ते जवळ असले की इजा होणार नाही असा त्यांचा समज होता, असे तो लिहितो. त्याच्या लेखी हा अंधश्रद्धेचा पुरावा. कोयते घेऊन बंदुकांसमोर जायला निघालेल्या माणसांनी सोबत काय घेतले, याचीही ती नोंद आहे.